मास्तरांचं माप

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हातमोजा घालून बघायला या, असा साहेबाचा निरोप आला, तेव्हा काजं करणारी बाई डबा न उघडताच वरच्या मजल्यावर गेली. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठ महिने तिच्या उजव्या हाताची बोटं लाकडासारखी पडली होती. आज ती हलली नाहीत, तर उद्यापासून तिचं टेबल दुसरीला मिळणार होतं.

साहेबाबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं आणि ते ती लपवतही नसे. अंगावर घालायची यंत्रं बनवायचा त्याचा धंदा. समोरच्याचं नाव सांगणारा चष्मा त्याने बनवला, कारण याला कुणाचं नाव लक्षात ठेवायचं नव्हतं. लांबच्या माणसाच्या पाठीवर थाप देणारं जाकीट बनवलं. शेजारच्याच्या पाठीवर ठेवायला मात्र याचा हात उठत नसे. सुईत दोरा ओवता येत नाही, आणि निघाला जगाला हात द्यायला.

"यात मास्तरांचा हात आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? कापून आणलात की काय?"

"नाही हो बाई. हा घालून मास्तर शिवायचे, तेव्हा बोटांची सगळी हालचाल आत साठवलीय. आता तीच तुमची बोटं हलवेल."

मास्तरांनीच तिला शिवण शिकवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी ते वरच्या याच टेबलाशी वारले. बसल्या बसल्या झोपेत गेले, असं साहेबाने सगळ्यांना सांगितलं होतं.

तिने हातमोजा चढवला. आतून खडूचा आणि जुन्या घामाचा वास आला. सुट्टीमुळे खालची मशिनं बंद होती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

बोटं वाकली. त्यांनी सुई उचलली आणि काजाच्या कडेने टाका घातला. मग दुसरा. अगदी मास्तरांचेच, मुंगीच्या पावलांएवढे. या माणसासमोर रडायचं नाही, म्हणून ती नुसती खाकरली.

मग सुई गळून पडली. हात टेबलावर आपटला. ठक. ठक. ठक.

"हे काय?"

साहेब संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला.

ठक... ठक...

"मास्तर झोपेत गेले ना, साहेब?"

"आम्ही जेवायला गेलो होतो... शेजारच्या खोलीत. हातमोजा चालूच राहिला."

"किती वेळ आपटत होते?"

"चाळीस मिनिटं. बाकीचं कापलं, शेवटचं तेवढं राहून गेलं."

"आणि ऐकू आलं नाही?"

"आलं... वाटलं, खाली मशिन चालू असेल."

"जेवणाच्या सुट्टीत?"

बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चपलेला लागलेल्या घाणीकडे बघतात.

हात हळूहळू थांबला. साहेबाने घाईने बटण बंद केलं, वायरही उपटली. "संपलं. याच्यापुढे काही साठवलेलंच नाही."

तेव्हा बोटं पुन्हा सरळ झाली. हात टेबलावरून उठला आणि साहेबाच्या मानेकडे गेला. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. दाबलं नाही. नुसता पंजा फिरवला. मास्तर गळ्याचं माप टेपने घेत नसत, असंच घेत. मग बोटांनी खडू उचलला आणि कापडावर आकडा लिहिला. तेरा.

"चुकलं," साहेब हसायला गेला. "माझी कॉलर साडेपंधरा."

"मास्तरांचं माप तीस वर्षांत चुकलं नाही."

कॉलर आवळत असल्यासारखं त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग त्याखालचं. "बाई... काढा तो हातमोजा."

बाईने आपल्या बोटांकडे पाहिलं. त्यांनी सुई उचलून नवं काज धरलं होतं. तिने स्वतःच्या मनाने अंगठा हलवून पाहिला. हलला. डाव्या हाताने तिने कापड आणखी ताणून धरलं.

"काढते की. एवढं काज होऊ दे."

साहेबाने शर्टच ओरबाडून फेकला. तरी त्याची दोन बोटं उघड्या गळ्याभोवती, सैल करायला, काहीतरी शोधत होती.