बंद लाईनीवरची हाक

जरा जवळ सरका, आणि हातातले मोबाईल पालथे घाला. ही गोष्ट मोबाईल हातात धरून ऐकायची नाही. ज्याच्यावर बेतली तो तौहीद बडनेऱ्यात आहे, संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. कोणीही जाऊन विचारा. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

साल दोन हजार पंधरा, तान्ह्या पोळ्याची रात्र. लाकडी बैल मिरवून पोरं दमून झोपली होती. तौहीद जेवायला बसणार, तेवढ्यात अमरावतीहून कुंदाकाकूंचा फोन आला. काकू रिटायर शिक्षिका. घरात त्या आणि मुलगा स्वानंद, दोघंच.

"बाबू, नेट पुन्हा गेलं. आत्ताच येतं का तू? दिवसा सगळं चांगलं राह्यते, रात्रीच बंद पडते."

कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा दिवसा, तिन्ही वेळा 'लाईन चांगली आहे' म्हणून गेला. तौहीदनं दोन घास कसेबसे गिळले, बॅग खांद्याला लावली आणि गाडी काढली.

स्वानंदचं काम काय होतं ते आधी ऐका. त्या वर्षांत आपल्या भागात कर्जापायी किती घरांत रात्री झोप नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका संस्थेनं रात्रीची हेल्पलाईन काढली होती. ज्याला सहन होत नाही त्यानं फोन करायचा, पलीकडं कोणीतरी ऐकायचं. बस, ऐकायचं. स्वानंद घरूनच, मागच्या खोलीत हेडफोन लावून बसायचा. संस्थेचा संगणक होता, आवाज नेटवरून यायचा.

महिन्यापूर्वी एका बाईचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाऊ... आयकून राहिले ना?"

स्वानंद 'हो' म्हणाला, आणि त्याच क्षणी नेट गेलं.

नंबर उमटला नव्हता. गाव कळलं नव्हतं. बाईनं पुन्हा फोन केला नाही. स्वानंद उजाडेपर्यंत बसून राहिला. त्यानंतर त्या खोलीत त्यानं पाय ठेवला नाही. संस्थेनं आपला संगणक परत नेला. पण तेव्हापासून घरातलं नेट रोज रात्री जायचं.

तौहीद पोचला तेव्हा स्वानंद समोरच्या खोलीत घरच्या संगणकापाशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"तौहीदभाई, एवढं ठीक करून द्या. मले पुन्हा कामावर बसाचं हाये."

तौहीदनं नेहमीसारखी सुरुवात केली. मोडेमचे दिवे पाहिले, सगळे हिरवे. तार बदलली. प्लग बदलला. शेजारपाजारचं कोणी नेट चोरत असेल म्हणून वायफायच बंद करून टाकलं. नेट क्षणभर यायचं, पुन्हा गळपटायचं.

"कोनीतरी लाईन खाऊन राहिलं," तौहीद म्हणाला. "मागच्या खोलीत काय हाये?"

"काहीच नाही. भिंतीतली तार तेवढी हाये."

आता एक लक्षात घ्या. घरातला एक संगणक दुसऱ्याला हाक मारू शकतो. 'आहेस का?' दुसरा 'आहे' म्हणतो. पडद्यावर एक ओळ उमटते, आणि उत्तर यायला किती वेळ लागला तोही आकडा उमटतो. यंत्र दूर असेल तर आकडा मोठा. घरातल्या घरात असेल तर पापणी लवायच्या आत.

तौहीदला काय वाटलं कोणास ठाऊक. मागच्या खोलीतल्या, नेलेल्या संगणकाच्या पत्त्यावर त्यानं हाक मारली.

उत्तर आलं.

दोन सेकंदांनी. पण आलं.

"हे घरातलं मशीन नाई," तौहीद स्वतःशीच बोलला. "लय दुरून येऊन राहिलं." बाहेरून कोणी घुसलं असणार, म्हणून त्यानं रस्त्यावरून येणारी तार उपटली. आता त्या घराचा जगाशी संबंध उरला नव्हता.

पडद्यावर ओळी उमटतच राहिल्या.

दीड सेकंद.

सव्वा.

"कमी होऊन राहिलं का हे?" स्वानंदनं विचारलं.

तौहीदनं मागच्या खोलीकडं जाणारी तार काढली. टॉर्च घेऊन खोलीत जाऊन आला. रिकामी खोली. भिंतीतून लोंबणारं तारेचं टोक. कशालाही न जोडलेलं.

परत आला.

अर्धा सेकंद.

दारात कुंदाकाकू उभ्या होत्या. "काय झालं रे?"

एकच तार उरली होती. या संगणकाला मोडेमशी जोडणारी. तौहीदनं ती ओढून काढली. हातात धरली.

ओळ उमटली...

आकडा आणखी लहान.

आणखी...

मग आकडा राहिलाच नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, म्हणजे याच घरात.

पडदा थांबला. पंख्याचा आवाज. बाहेर कुत्रंही नाही.

खुंटीला स्वानंदचा जुना हेडफोन अडकवलेला होता, कशालाच न जोडलेला. त्यातून आधी खरखर आली. मग...

"...आयकून राहिले ना?"

काकूंनी स्वानंदचा दंड धरला. "नको रे. हात नको लावू त्याले."

स्वानंद आईकडं बघत राहिला. मग हळूच तिचा हात सोडवला. "आई, त्या रात्री मी हो म्हटलं होतं. तिले आयकू नाई आलं."

त्यानं हेडफोन कानाला लावला.

"हो ताई. आयकून राहिलो. बोला."

मग तो ऐकत राहिला. मध्येच "हं" म्हणायचा. एकदा "मग लेकरं?" म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज हलू दिला नाही त्यानं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. तौहीद तार हातात धरून उभाच. तार खाली ठेवायची त्याची हिंमत झाली नाही.

पहाटे दूरवर अजान सुरू झाली तेव्हा स्वानंदनं हेडफोन काढला.

"गेल्या," म्हणाला.

"काय म्हनत होत्या?" तौहीदनं विचारलं.

स्वानंदनं नुसती मान हलवली. आजतागायत त्यानं ते कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

तौहीदनं तारा जोडल्या. नेट चालू झालं. त्यानंतर त्या घरात ते कधी गेलं नाही. स्वानंद पुन्हा रात्रीच्या कामावर बसला, अजून बसतो.

तौहीद उजाडता दुकानावर आला आणि बॅग उघडली. आत त्याचा स्वतःचा एक डबा होता, एका लाईनीच्या पाच लाईनी करतो तो, प्रत्येक लाईनीला एक दिवा. अडीअडचणीला लागतो म्हणून बाळगलेला. त्या रात्री तो बाहेरसुद्धा काढला नव्हता. ना त्याला वीज, ना एकही तार.

पाचांतला एक दिवा लागलेला होता.

मी स्वतः पाहिलाय. डबा हातात घेतला, गार होता. मी विचारलं, दिवा नुसता लागत नाही, मधूनच लुकलुकतो, तो काहून?

तौहीदनं माझ्या हातातून डबा घेतला, फडक्यात गुंडाळला.

"नुसता लागला त जोडनी हाये," तो म्हणाला. "लुकलुकला, त पलीकडून कोनीतरी बोलून राहिलं."