पलीकडचा हात

ठेवा ते मोबाइल बाजूला. तळ्याकाठी एक रात्र, मग डोंगरावरच्या जंगलात एक रात्र, बेत झकास आहे. जा की, मी कुठे नाही म्हणतोय? पण तंबू भाड्याने आणणार म्हणालात, म्हणून मामाचं एवढं ऐकून घ्या. आणि गेलेले दिवे मधेच आले तरी कुणी उठायचं नाही.

माझा एक दोस्त होता, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. सगळे त्याला सीटवालाच म्हणायचे. हात असा, की शिवण कुठे आहे ते बोटाने चाचपून शोधावं लागायचं. आणि स्वभाव असा, की दुसऱ्याने घातलेला टाका दिसला रे दिसला की याने नाक मुरडलंच. एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. एका जागी म्हणून टिकायची नाही, तेव्हा तिचं नाव पडलं भिंगरी. बापाचा तिच्यावर भारी जीव.

शाळा सुटली की ती थेट दुकानात. जाड सीट शिवायची तर दोन माणसं लागतात. बाप पुढून सुई खुपसणार, भिंगरी मागून ओढून घेणार आणि पुढच्या टाक्याला परत पाठवणार. हात चालू, दोघांची तोंडंही चालू. शेवटची गाठ मारली की सुई कॉलरला टोचायची, खाली ठेवायची नाही, हा दुकानाचा कायदा. कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून.

सुट्टी लागली आणि तिने धोशा लावला, तंबूत राहायचंय. याने तुमच्यासारखाच बेत आखला. आधी तळं, मग डोंगर. बायको म्हणाली, "माझ्या पोरीला पाण्याकाठी नेताय. आधी आपल्या गच्चीवर एक रात्र झोपून दाखवा. सकाळी ती धड खाली आली, तर मी सामान बांधते."

"अगं, गच्चीवर काय वाघ येणारे?"

"तुमच्या घोरण्याने येणारा वाघही पळेल. पण झोपून दाखवा."

अठरा एप्रिल, शनिवार. दुपारी हा तळ्याकडे तंबू आणायला गेला. तिथल्या म्हाताऱ्याने एक हिरवा तंबू काढून दिला. त्याच्या दाराला लागूनच, जमिनीपासून वीतभर वर, एक चीर होती. बसलेल्या पोराचा हात आत जाईल एवढी. निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली. वेडीवाकडी, टाक्यावर टाका, त्यावर आणखी टाका.

"हे कुणी शिवलंय? पोतं आहे का हे?" सीटवाला म्हणाला.

"चालतंय ते. उसवू नका."

"का?"

म्हातारा दोऱ्या गुंडाळत राहिला.

आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण हा पडला सीटवाला. संध्याकाळी गच्चीवर तंबू उभा केला आणि याचे हात शिवशिवायला लागले. ब्लेड घेतलं, निळा दोरा कचाकचा उसवला, गच्चीवरून खाली रस्त्यावर फेकला. नीट शिवायला उजेड हवा, सकाळी शिवू म्हणाला. पिशवीत जाड सुई होती, मेण लावलेला काळा दोरा होता, घाई कसली?

भिंगरी बापाचा जुना शर्ट घालून झोपायची. कॉलर तिच्या कानापर्यंत यायची. तळ्यात मासे किती मोठे, डोंगरावर अस्वल असतं का, अशा शंभर शंका काढून ती झोपली. हाही झोपला.

मध्यरात्र उलटून गेली असेल. याला जाग आली ती गारव्याने. त्या चिरेतून वारा आत येत होता, कापड फडफडत होतं. पोरीला सर्दी होईल म्हणून हा उठला. बॅटरी गुडघ्यांत धरली, कापडाकडे रोखली आणि शिवायला बसला.

एक टाका घातला. सुई बाहेर ढकलली, आता चिरेतून हात घालून ती ओढायची... तोवर सुई पलीकडून ओढली गेली.

दोरा ताणला. पुढच्या टाक्याच्या जागी, अगदी हवी तिथे, सुईचं टोक आत आलं.

याला हसूच आलं. "भिंगरे, बाहेर कधी गेलीस गं? मुतायला उठलीस तर मला उठवायचं नाही का?"

उत्तर नाही. पण दुकानात तरी ती कुठे सरळ उत्तर द्यायची! याने सुई पाठवली. सुई परत आली. पुन्हा पाठवली. पुन्हा आली. टाके असे सुरेख पडत होते, की हा खूश. "शाबास! आज हात चांगला चालतोय तुझा."

आणि मागून याच्या पाठीला पाय लागला.

"बाबा... लाइट बंद करा ना."

भिंगरी. पाठीमागे. गोधडीत. झोपेत बोलली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

...

याचे हात थांबले. बाहेर दोरा ताणलेला होता. ढिला होत नव्हता.

दार त्या चिरेला लागूनच. बाहेर जायचं तर त्या चिरेपुढूनच जायचं. ओरडावं तर पोर उठेल, आणि उठली की आधी धावेल ती दाराकडेच. अर्धी चीर अजून उघडी होती.

सुईचं टोक आत आलं. थांबलं. वाट बघत.

याने ती ओढली. दुसरं काय करणार? चीर बुजायला हवी होती. लेक आत होती. याने टाका घातला. पलीकडून ओढला गेला. सुई आली. घातला. आली. याच्या घामाने दोरा निसटत होता. पलीकडे श्वास नाही. पाऊल नाही. नुसता दोरा कापडातून सरकायचा, तेवढा आवाज.

चीर संपत आली. एक टाका राहिला.

याने सुई बाहेर पाठवली.

ती परत आली नाही.

...

हा तळवा शिवणीवर दाबून बसला. उजाडेपर्यंत. एका हाताने कापड, दुसऱ्या हाताने लेकीचा पाय धरून.

सकाळी बायको चहा घेऊन वर आली तेव्हा कुठे याने दार उघडलं. बाहेर टाके एका रेषेत होते, शेवटी घट्ट गाठ होती. सुई मात्र अख्ख्या गच्चीवर कुठे नव्हती. "धड आहे पोरगी, बघ," हा एवढंच म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

"अहो, रडताय काय? भित्रे कुठले!" बायको हसली. मग डोळे चोळत उभ्या असलेल्या भिंगरीला तिने जवळ ओढलं. आणि एकदम थांबली.

"अहो... ही सुई हिच्या कॉलरला कुणी टोचली?"

सुई त्याचीच होती. तिच्यात दोरा होता... निळा.