हारादाबाईंचा डबा

ती धून मी पहिल्यांदा ऐकली त्याला आता सात वर्षं झाली. जपानमधल्या एका लहान गावात, खांबावरच्या भोंग्यातून ती रोज संध्याकाळी पाचला वाजायची, मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. घंटेसारखा आवाज, अगदी सावकाश. शेवटचा सूर लांबत लांबत डोंगराकडे जायचा. मी दचकलो होतो. माझी लेक मेघना हसून म्हणाली, "बाबा, डरो मत. घरी जा, एवढंच सांगतात ते."

या जानेवारीत तीच धून मी चंदीगडमध्ये ऐकली. भर दुपारी, दीड वाजता. आपल्याकडे दीड वाजतो तेव्हा तिकडे पाच झालेले असतात.

मला भरभर सांगता येत नाही. तुम्ही बसला आहात तर सावकाश सांगतो.

मी सदाशिव. मूळचा साताऱ्याकडचा, शाळा चौथीपर्यंत. चंडीमंदिरच्या छावणीत तीस वर्षं मेसचा स्वयंपाक केला आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. बायको, नलिनी, गेली त्याला बरीच वर्षं झाली. मेघना एकुलती. ती जपानला म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला गेली आणि नऊ वर्षं तिथे राहिली.

तिथे कुणी तिला वाईट बोललं नाही. पण बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. लोक उभे राहायचे, तिथे बसायचे नाहीत. कचऱ्याचे कितीतरी प्रकार, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि चुकलं की पिशवी तशीच दारात पडून. एका सकाळी शेजारच्या हारादाबाई बाहेर आल्या. ऐंशीच्या, एकट्या. मेघनाजवळ उकिडव्या बसल्या आणि बाटल्यांची झाकणं वेगळी काढू लागल्या. पुढे बसमध्येही त्या मुद्दाम तिच्याच शेजारी बसायच्या.

मग डबा सुरू झाला. लहानसा, काळा, लाकडी डबा, निळ्या रुमालात बांधलेला. बाईंनी त्यातून शिजवलेला भोपळा दिला. मेघनाने मला फोनवर विचारलं, मी म्हणालो, डबा रिकामा परत द्यायचा नसतो. तिने शंकरपाळे भरून दिले. त्यांच्याकडेही घेतलेल्याची परतफेड करायची रीत. त्यांनी पुन्हा काही भरून पाठवलं. आठ वर्षं तो डबा दोन दारांमध्ये फिरत राहिला.

मी महिनाभर राहायला गेलो होतो तेव्हा बाईंनी मला चहाला बोलावलं. मी मराठी बोललो, त्या जपानी बोलल्या, दोघांनाही काही कळलं नाही आणि बरं वाटलं. निघताना पाहिलं तर माझ्या चपला दाराकडे तोंड करून नीट लावून ठेवलेल्या. मेघना म्हणाली, "पाहुण्याला निघताना वळावं लागू नये म्हणून यजमान असं करतात, बाबा. पाय सरळ चपलेत."

मागच्या ऑक्टोबरमध्ये एका बुधवारी मेघनाचा फोन आला. डबा तिच्याकडे होता. "बाबा, काही करायला वेळ नाहीये. असाच देऊन येऊ का? दोन मिनिटं बघून येते त्यांना."

मी म्हणालो, "रिकामा नको गं. रविवारी शंकरपाळे कर, मग दे."

तिने ऐकलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बाईंच्या दारात वर्तमानपत्रं साठत होती, पण तिथे उगीच कुणाचं दार वाजवत नाहीत. रविवारी घरमालकाने दार उघडलं. बाई बुधवारी रात्री न्हाणीघरात पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस जिवंत असाव्यात.

भिंत एकच होती. पलीकडे माझी लेक झोपत होती.

नोव्हेंबरात ती परत आली, डबा घेऊन. मला दोषाचा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. धुतलेला डबा तिने फडताळात ठेवला. जेवायला बस म्हटलं की "भूक नहीं है, बाबा." कपडे अंगावर लोंबायला लागले. मी रात्रीचा तिचा श्वास ऐकत पडायचो.

जानेवारीत धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं दुपारीही उठत नाही. त्या सोमवारी मी दही आणायला गेलो होतो. परत येताना फाटकाशी पोचलो आणि ती धून ऐकू आली. लांबून, घंटेसारखी. मी थांबलो. शेवटचा सूर माझ्या अंगावरून गेला आणि घराकडे जाऊन विरला.

उंबऱ्यावर मेघनाचे पांढरे बूट होते. जोडीने, बाहेर तोंड करून. आम्ही बूट आत, रॅकमध्ये ठेवतो. मेघना आत झोपली होती.

मी ते उचलून आत ठेवले.

मंगळवारी ते व्हरांड्यात होते. तोंड बाहेर. त्याच दुपारी माझा मेसमधला जुना सोबती गजानन मुल्लानपूरहून सरसोंची भाजी घेऊन आला. त्याचे बूट जसे काढले तसे पडलेले, एक सरळ, एक उलटा. त्यांना कुणी हात लावला नव्हता. मी दोन्हीकडे बघत उभा राहिलो.

"काय रे सदा? जोड्यांवर लक्ष ठेवतोस? गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात सेवेला लागलास काय?"

"गजा, तुला कसला वास येतोय?"

त्याने नाक ओढलं. "भोपळा शिजवलायस ना? गोड गोड... भाजीत साखर कोण घालतं रे?"

मी भोपळा शिजवला नव्हता.

बुधवारी मी बूट कपाटात कुलपात ठेवले, किल्ली कनवटीला लावली. दीडला धून वाजली. बूट बाहेरच्या पायरीवर होते. कपाटाचं कुलूप तसंच होतं.

गुरुवारी मी घराबाहेर पडलोच नाही. खुर्ची ओढून मेघनाच्या दाराशी बसलो. डोळा कधी लागला ते कळलं नाही. जागा झालो तो शेवटच्या सुराने. पलंग रिकामा. मी अनवाणी धावलो.

ती फाटकाशी उभी होती. एक बूट पायात, दुसरा समोर, रस्त्याकडे तोंड केलेला. धुक्यात तिचा चेहरा नुसता पांढरा दिसत होता.

"मेघना... कुठे निघालीस, बाळ?"

"पता नहीं, बाबा." ती हळू बोलली. "त्या एकट्या आहेत ना... मी गेले नव्हते तेव्हा. आता जायला पाहिजे."

मी तिचा हात धरला. हात थंड होता. तिला आत आणलं, पांघरुणात गुंडाळलं, लहानपणी आणायचो तसं. ती लगेच झोपली.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. उंबरा, व्हरांडा, पायरी, फाटक. चार दिवस. बाईही दार उघडेपर्यंत चार दिवस पडून होत्या. उद्या पाचवा, आणि फाटकाच्या पुढे रस्ता. बूट पुढे सरकत होते ते रागाने नव्हे, हे मला कळत होतं. पाहुण्याला सोपं व्हावं म्हणून कुणी मायेने ते वळवून ठेवत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पहाटे उठून मैदा घेतला. तूप गरम करून त्यात घातलं, दूध-साखर घालून मळला. हाताला सवय होती. शंकरपाळे मंद आचेवर तळले, निवू दिले. फडताळातला काळा डबा काढून काठोकाठ भरला आणि निळा रुमाल बांधला. मेघनाच्या गाठीसारखी गाठ मला जमली नाही.

एक वाजता मी बाहेर आलो तेव्हा बूट फाटकाच्या बाहेर रस्त्यावर होते. ते आणून मी पायरीवर ठेवले, शेजारी माझ्या चपला काढल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसलो. धुकं इतकं की समोरचं कडुनिंबाचं झाड नव्हतंच. गाड्यांचे आवाजही नव्हते.

दीडला धून वाजली.

या वेळी ती लांबून आली नाही. समोरच्या रस्त्यावरूनच आली. मग भोपळ्याचा वास, आणि फाटकाची कडी कुणीतरी हळूच काढली, झोपलेल्याची झोपमोड होऊ नये अशी.

हारादाबाईच होत्या. तोच तपकिरी स्वेटर, तोंडावर पांढरा मास्क. केस ओले होते. पाणी गळत होतं, पण खाली फरशी कोरडी होती. त्या कमरेत वाकल्या. मीही बसल्या जागी वाकलो.

मला जपानी येत नाही. तिथे बोललो होतो तसंच मराठीत बोललो.

"बाई, डबा पोचवायला उशीर झाला... पोरीची चूक नाही हो. ती येणार होती. मीच म्हणालो, रिकामा नको देऊ."

त्या ऐकत होत्या.

"तिला राहू द्या. अजून तिच्या आयुष्याचं काही झालेलं नाही, बाई. कुणाची सोबतच हवी असेल तर... मी येईन. मला काय, मी मोकळा आहे."

मी डबा पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. बर्फासारखी असतील वाटलं होतं. कोमट होती, नुकतंच भांडं विसळलेल्या बाईच्या हातांसारखी.

तेवढ्यात आतून मेघनाची हाक आली. झोपेतून उठलेली, जड, पण तिचीच.

"बाबा... कसला वास आहे? शंकरपाळे केले का? मला पण द्या ना. बहुत भूक लगी है."

दोन महिन्यांत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. मी दाराकडे वळून म्हणालो, "आलो गं, बाळ. परातीत ठेवलेत तुझ्यासाठी."

परत वळलो तेव्हा बाई पायरीशी वाकलेल्या होत्या. डबा काखेत धरून एका हाताने त्यांनी मेघनाचे बूट उचलले आणि घराकडे तोंड करून ठेवले, टाचेला टाच लावून. मग शेजारच्या माझ्या जुन्या चपला घेतल्या. वरची धूळ बोटांनी झटकली. हळूच, जोडीने, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या सरळ झाल्या, एकदा वाकल्या, आणि फाटकातून धुक्यात निघून गेल्या.