राहिलेली अदलाबदल

निळ्या पॉपलिनची पट्टी, वीतभर लांब. एक टोक चावून चावून कडक झालेलं.

हायवेवरच्या आमच्या इचोड्यात दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. नागपूरकडचे ट्रकसुद्धा ढाब्यांपाशी निजलेले असतात.

एका राजाची सावली नदीपलीकडे राहून गेली आहे. ती आणायला तो निघतो.

“हेरंब सर हैं क्या?” कुरियरवाल्याने विचारलं. मी हो म्हणाले आणि सही केली.

पान सहाशे बारा.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. नीट सांगते.

मी देवश्री. सकाळी लॅबमध्ये रक्त तपासते, दुपारी बाबा मागच्या खोलीत झोपले की त्यांच्या कापडदुकानात बसते. हेरंब माझा धाकटा भाऊ. इंद्रवेल्लीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, रोज बसने जाऊन येऊन.

राजाची ती इंग्रजी गोष्ट तीन जाडजूड भागांची. आम्ही एकाच प्रतीतून वाचायचो. दुपारी मी, संध्याकाळी तो. खुणेला बाबांच्या कात्रीखाली पडलेल्या दोन पट्ट्या, एक लाल, एक निळी. नियम दोनच होते. पुढे गेलेल्याने प्रकरणाच्या शेवटी थांबायचं, मागचा येईपर्यंत. आणि एक भाग संपला की पट्ट्यांची अदलाबदल करायची.

दुसरा भाग संपला तेव्हा तो हैदराबादला वॉर्डात होता. त्याच्या रक्ताची पहिली स्लाइड मीच पाहिली होती, त्यामुळे मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. लाल माझ्याकडे होती, निळी त्याच्याकडे. मी निळी मागितली.

“तिसरा संपला की देतो,” तो म्हणाला. “तवर माहीच. तू तं गोगलगाय आहेस.”

तिसऱ्या भागाची मागणी त्याने आधीच नोंदवून ठेवली होती. तो मार्चमध्ये गेला. पुस्तक ऑगस्टमध्ये आलं, त्याच्या नावावर.

लाल पट्टी घालून मी वाचायला लागले. चौथ्या दुपारी पुस्तक उघडलं, तर लालच्या पुढे निळी होती.

दुकानात निळ्या पॉपलिनचे तागेच्या तागे पडलेले असतात. टोक चावलेलं होतं, हेरंब वाचताना चावायचा तसं, पण ती सवय कोणालाही असू शकते. घरात दुसरं कोणी इंग्रजी वाचत नाही. लॅबमध्ये लिहितो तसं मी लिहून ठेवू लागले.

मंगळवार. लाल ८८, निळी १२१.
बुधवार. लाल १०४, निळी १२१.
शुक्रवार. लाल १२१, निळी १२१.
शनिवार. लाल १२१, निळी १६०.

१२१ला प्रकरण संपत होतं. १६०लाही.

मी १६०ला पोचले त्या दिवशी पुस्तक लोखंडी कपाटात ठेवलं आणि चावी बांगडीला बांधली. सकाळी निळी १९७वर होती. चावलेलं टोक ओलं होतं.

मी लिहिणं सोडलं. वाचत राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला जेवण गोड लागत होतं.

शेवटचं प्रकरण ६१२ला सुरू होतं. या वेळी निळी पुढे गेली नाही. लालला चिकटून तिथेच राहिली.

मी पुस्तक मिटलं. वाचलं नाही तर संपणार नव्हतं. संपलं नाही तर तो इथेच होता.

तीन आठवडे गेले. इंद्रवेल्लीची बस यायच्या वेळी आई दारात जाऊन उभी राहायला लागली. मी विचारलं नाही. आईला पट्टीबद्दल मी काही सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी पोळी लाटता लाटता, माझ्याकडे न बघता ती बोलली.

“काऊन अडवून ठेवलं त्याले, माय?”

मी तव्यावरची पोळी उलटली.

“उभा राहून राहून दमला असन तो. वाच ना.”

त्या दुपारी दुकानात मी मोठ्याने वाचायला बसले. लाइट गेलेली. बाहेर वारा नव्हता.

राजाला सावली सापडते. ती परत यायला तयार नसते.

तो तिची समजूत घालतो.

मग होडी एकटीच सोडून देतो, रिकामी, अलीकडच्या काठाकडे.

शेवटचं पान उलटायला मी हात उचलला. पान आधीच उलटलेलं होतं.

लाल पट्टी सापडली नाही. मांडीवर, गल्ल्याखाली, सगळी पानं झटकून पाहिली. निळी तेवढी होती. टोक कोरडं.

आई दारात आली, तिने माझ्या हातातल्या निळ्या पट्टीकडे बघितलं आणि ती आत गेली. संध्याकाळी बसच्या वेळी ती दारात उभी राहिली नाही.

नऊ मार्चला, हेरंबला स्मशानात न्यायच्या आधी, आईने निळी पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली होती. खिशाचं बटण मी लावलं होतं.