दयाचा जीवनवृत्तांत

आमच्या मंडळीत माणूस मातीआड झालं की येणाऱ्या रविवारी चर्चमध्ये त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. नेवाशाजवळच्या आमच्या गावात तो लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे शमुवेल मास्तरांच्या हातून तारखा चुकत नाहीत अशी ख्याती आहे. बावीस जणांचे वृत्तांत लिहून झाले होते. तेविसावा माझ्या बायकोचा, दयाचा. ७ डिसेंबर १९७२, गुरुवार, पहाटे साडेपाच, एवढं मी आधी लिहून टाकलं.

बाकीचं लिहायला बसलो तेव्हा काय ठेवू आणि काय गाळू असं झालं. बाई म्हणजे उचापतींचं आगर. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पैज लावून, पदर खोचून, नगरहून माझ्या सायकलवर एकटी आली. खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटावरून चालत गेली आणि मी खाली डोळे मिटून उभा. लग्न कुणाचंही असो, वरातीत पहिली नाचणार हीच. मला म्हणायची, "तुम्ही हसायच्या आधीसुद्धा पाढे म्हणून घेता."

जून सत्तरमध्ये तिला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, पडू देऊ नका. घरात तिसरं माणूस नव्हतं. रोज दहाला बाहेरून कुलूप लावून मी शाळेत जायचो आणि पाचला उघडायचो. अशी अडीच वर्षं. तिच्यासारख्या बाईला मी कोंडून ठेवलं, हे मला आतून खात होतं. तिनं मला माफ केलं होतं का, एवढंच कुणाकडून तरी कळायला हवं होतं.

शुक्रवारी मातीला पाळकसाहेब आणि मंडळीतली चार माणसं आली. वस्तीवरच्या ज्या बायकांबरोबर ती नाचली, त्यांतली एकही फिरकली नाही. ते मला फार लागलं. तरी शनिवारी आठवणी गोळा करायला मी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेलो, कारण सारा गाव तिथंच होता. उन्हात खडी फुटत होती. चुलाण्यावर सुकडी शिजत होती. वस्तीवरची छबूबाई तोंडाला पदर बांधून पाटी रिकामी करत होती.

"दयाची एखादी आठवण सांगा," मी वही उघडली.

"येक का? मुकादमाची नक्कल लई झ्याक करायच्या. आमाला हसून हसून पाटी उचलंना."

"कुठला मुकादम?"

"ह्यो काय, गोरक्ष."

तलावाचं काम यंदाच्याच गणपतीत सुरू झालेलं. मी काही लिहिलं नाही. राबणाऱ्या माणसाचा सालमहिन्यात घोळ होतो, हे मला ठाऊक आहे. गोरक्षला विचारलं, तर तो लाजून हसला.

"व्हय, माझी चाल करून दावायच्या. आन दिवाळीत ह्या चरावरनं उडी मारली हुती त्यांनी. बाप्यामानसाला जमत न्हाई."

"दयानं? माझ्या बायकोनं?"

"दुसरी कंची दया हाय गावात?"

चर नवा होता. कडेची माती अजून मोकळी होती. मी रुंदी मोजली. सात फूट भरली.

परत छबूबाईकडे आलो. "केव्हा यायची ती?"

"तुमी शाळंत गेला की. आन पाचाच्या आत जायच्या."

"दाराला कुलूप असायचं, छबूबाई. ती अंथरुणाला खिळलेली होती."

"म्हनायच्या, घरी येकीला निजवून आलेय, मास्तर यायच्या आत गेलं पायजे."

खडीचा आवाज चालूच होता.

"कुणाला निजवून?"

"आमी न्हाई इचारलं. येकदा म्हनल्या, मास्तर येवढे हुशार, पन त्यान्ला अजून वळखू आलं न्हाई."

मी तिथंच दगडावर बसलो. आजारपणात संध्याकाळी मी तिला खर्ड्याची गोष्ट सांगायचो, तेव्हा ती डोळे मोठे करून ऐकायची, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. दयाला चहा गोडमिट्ट लागायचा. साखर घातली की ही तोंड फिरवायची. आजारात चव जाते, असं मी धरून चाललो होतो. आणि मला झोप लागेपर्यंत डाव्या हातात माझं बोट धरून ठेवायची. दयानं लग्नाच्या अठरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"शेवटची कधी आली होती?"

"बेस्तरवारी. दुपारच्याला."

"ती पहाटेच गेली."

छबूबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय. म्हनल्या, गेली बिचारी, आता पाचाची घाई न्हाई. मग हसत हसत नदीच्या अंगानं गेल्या."

"म्हणून तुम्ही मातीला आला नाहीत?"

"कुनाच्या येयाचं, मास्तर? आमची तिची वळख न्हवती."

रविवारी मी जून सत्तरपर्यंतचाच वृत्तांत वाचला. लोक पोट धरून हसले, पाळकसाहेबसुद्धा.

घराला आता मी कुलूप लावत नाही. दया आलेली नाही.

क्रुसावर नाव काय घालायचं, हे सुतार दोनदा विचारून गेला. मी अजून सांगितलेलं नाही. पाचला शाळा सुटली की मी कबरीपाशी जाऊन बसतो, अंधार पडेपर्यंत. तिला या गावात माझ्याशिवाय कुणी ओळखत नाही.