पुलापलीकडचे दोन हॉर्न

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या, डेल्फिनाच्या बाबतीत. तिखटमीठ लावायची मला सवय नाही.

ऑक्टोबर १९७९. अ‍ॅरिझोना, हीला नदीवरचा जुना लोखंडी पूल.

रात्र नव्हती हो. टळटळीत दुपार होती.

पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जायची. म्हणून आमच्याकडे रीतच होती. पुलावर चढण्याआधी दोन हॉर्न द्यायचे, म्हणजे 'मी येतोय'. समोरच्याने थांबून एक द्यायचा, म्हणजे 'ये बाबा'.

डेल्फिनाचा भाऊ रुतिलिओ दुपारी जेवायला यायचा, तेव्हा पलीकडून दोन हॉर्न द्यायचा. घर पुलापासून हाकेच्या अंतरावर. ते ऐकलं की चोनामामी, त्याची आई, तव्यावर टॉर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, टाकायची.

१९७९च्या पाच वर्षं आधी तो गाडीसकट पुरात पडला. गाडी मिळाली. तो नाही.

मग पूल बंद झाला. दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे, खाली नुसती कोरडी वाळू.

त्या दुपारी डेल्फिना मामीला फिनिक्सला न्यायला आली होती.

"चल ना आई. इथे एकटी काय करतेस?"

"एकटी कुठे?" मामी पीठ मळत म्हणाली. "बस जरा. जेवायची वेळ झालीच आहे."

आणि तेवढ्यात...

पलीकडून दोन हॉर्न.

मामीने शांतपणे तव्यावर टॉर्टिया टाकली.

पुलाच्या लाकडी फळ्या वाजू लागल्या... खडखड... खडखड... आवाज जवळ आला. मधोमध थांबला.

मग तोच आवाज मागे जाऊ लागला.

आणि बंद झाला.

"रोजचंच आहे," मामी टॉर्टिया उलटत म्हणाली. "अर्ध्यातून परत जातो पोरगा."

डेल्फिनाला राहवलं नाही. पाच वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"त्या दिवशी समोर मी होते, आई. सकाळी भांडलो होतो. मी शहरात जाते म्हटलं, तर म्हणाला, आईला टाकून चाललीस. त्याचे हॉर्न ऐकले मी. मुद्दाम उत्तर दिलं नाही, तशीच गाडी घातली. मधोमध समोरासमोर आलो. तो हसला, आणि माझ्यासाठी गाडी मागे घेतली. त्याच्या मागचा काठ पुराने पोखरलेला होता..."

मामीने टॉर्टिया तव्यावरून उतरवली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तव्यापाशीच होते मी. तू नुकतीच गाडी घेऊन निघाली होतीस. दोन ऐकले. तिसरा वाजलाच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"एक लेकरू गेलं होतं. दुसरंही घालवू?"

दुसऱ्या दुपारी डेल्फिनाने आपली गाडी ठोकळ्यांपाशी नेली. पूल रिकामा. वाऱ्याची झुळूक नाही.

दोन हॉर्न आले...

तिने एक दिला. मनात म्हणाली, ये रे, मी थांबलेय.

फळ्या वाजल्या. मध्य आला... थांबल्या नाहीत. खडखड थेट तिच्यापर्यंत आली. काच खाली होती. ओल्या चिखलाचा वास अंगावरून गेला, घराच्या दिशेने.

ती धावत घरी आली. मामी दारात उभी होती. तव्यावर काही नव्हतं.

"आला ना, आई?"

"कोण? आज त्याने हॉर्नच दिला नाही," मामी म्हणाली. "तुझा तेवढा एक ऐकला."

त्यानंतर ते दोन हॉर्न कधीच ऐकू आले नाहीत. ना मामीला, ना डेल्फिनाला.

डेल्फिना शहरात परत गेली नाही. आईजवळच राहिली. मला हे सांगताना एकच विचारत होती, "मी त्याला घरी आणलं, की होता तोही आईपासून तोडला?"

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा दुपार झाली होती. मामी पुलाकडे कान लावून बसली होती.

"आज का गं उशीर झाला त्याला?"

"येईल," डेल्फिना म्हणाली.

तवा नुसताच तापत होता.