शेवाळी ओढणी

क्षयाच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी तो पहिल्यांदा आला, समोरच गोळ्या गिळल्या, मास्क वर ओढला आणि म्हणाला, "सिस्टर, पिवळी ओढणी खुलून दिसते हां तुम्हाला!"

ओढणी होती निळीशार! आणि हा बुवा रंगांच्या दुकानात रंग कालवून द्यायचा. तिला हसू फुटलं, झालं... रोजचा खेळच सुरू झाला. ती विचारायची, "मळमळ? भूक लागते? डोळे पिवळे?" आणि तो भुवया नाचवत भलताच रंग सांगायचा. लघवी केशरी झाली म्हणून धास्तावून आला, तेव्हा ती म्हणाली, "गोळीचा रंग तो. घाम, अश्रू, सगळंच केशरी होतं."

"म्हणजे चोरून रडायचीही सोय नाही?"

त्या सकाळी ती नवी शेवाळी ओढणी घेऊन आली होती. कुणासाठी, ते तिलाच ठाऊक.

"आज करडी?" तो म्हणाला.

ती हसली... आणि चरकली. भुवया नाचल्या नव्हत्या. तिने दोन पेनं पुढे केली. "लाल टोपण कुठलं?"

त्याने दोन्ही पेनं डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग हळूच — "दोन्ही सारखीच दिसतात."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस... दुकानातून काढतील हो मला. शिवाय तुम्ही औषध थांबवलंत तर आजार उलटेल."

"वेडे आहात का! यातली एकच गोळी कधीकधी डोळ्यांच्या नसेला बाधते. डॉक्टर तेवढी थांबवतील, बाकीची चालू राहतील. लपवलंत तर डोळे जातील ना!" तिचा आवाज चिरकला. त्या मेल्या खेळापायी तिच्याही लक्षात आलं नसतं. तिने सरळ त्याचा हात धरला आणि डॉक्टरांकडे नेलं.

ती गोळी लगेच बंद झाली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, बहुतेक सुधारेल, पण धीर धरा. धीर कसला! रोज ती टोपणं दाखवायची, तो मान हलवायचा. आठवडे गेले. थट्टा बंद, तिची झोपही उडालेली.

मग एकदा तीच ओढणी पाहून तो थबकला.

"शेवाळी... पिवळा थोडा जास्त पडलाय. काळा थेंबभरच."

त्याच्या पांढऱ्या मास्कच्या कडेला केशरी ठिपका उमटला होता.

"चोरून रडायची सोय नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना," ती कशीबशी म्हणाली.

"मग उघडच सांगतो. तुम्ही मला फार आवडता."

"आधी औषधं पुरी करा."

"आणि मग?"

"मग... पुढची ओढणी तुम्हीच निवडा."